टाकीतला फेस, कुंडीखालची बारीक बेडकं आणि पुस्तकातलं ते एकच चक्र

एकाने फोटोसकट प्रश्न पाठवलाय, तो थोडक्यात असा आहे. कुडाळजवळ घर, मागे सुपारी-चिकूची बाग आणि सिमेंटची टाकी. टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या हातभर वर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलाय. आणि दोन दिवसांनी कुंड्या सरकवल्या तर खालच्या ओल्या मातीतून एकदम बारीक बेडकं टुणटुण बाहेर आली, तिथे पाणी म्हणाल तर थेंबभर पण साचलेलं नाही. मुलीच्या पुस्तकात लिहिलंय की बेडूक पाण्यात अंडी घालतो, त्यातून टॅडपोल (पाण्यात पोहणारं शेपूटवालं पिल्लू), मग बेडूक. तर दोन्ही एकाच बेडकाचं आहे का, फेस काढून टाकावा का, पाणीच नाही तर ती पिल्लं आली कुठून, आणि मग हे सगळे एकाच प्रकारात मोडतात का?

आधी सरळ उत्तर देतो. फेस काढू नका. दोन्ही वेगवेगळ्या बेडकांचं आहे, आणि नुसती वेगळी जात नाही तर त्यांचं बालपणच वेगळ्या पद्धतीचं आहे. कुंडीखालची पिल्लं कुठून चालत आलेली नाहीत, ती तिथेच अंड्यातून बेडूक होऊनच बाहेर पडली. त्यांनी टॅडपोलची अवस्था अंड्याच्या आतच उरकली.

आता सविस्तर. मी बीएस्सीच्या मुलांना प्राणीशास्त्र शिकवतो आणि पावसाळ्यात सह्याद्रीत बेडकांचे सर्व्हे करतो, बरीच वर्षं. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की बेडूक दिसला की लगेच त्याचा रंग बघून नाव शोधायला जाऊ नका, रंग फार फसवतो, एकाच जातीत तपकिरी, पिवळट, पट्टेवाला, बिनपट्ट्याचा सगळं मिळतं. त्याची अंडी सापडली तर ती बघा. कुठे घातलीत, किती आहेत, केवढी आहेत, काळी आहेत का फिकी. ह्या चार गोष्टींवरून तो बेडूक कुठल्या गटातला असेल याचा अंदाज बऱ्यापैकी येतो, आणि त्याच्या पिल्लाचं पुढे काय होणार ते तर जवळजवळ नक्कीच कळतं.

पुस्तकातलं चक्र चुकीचं नाही, ते डबक्यातल्या बेडकाचं आहे. आपल्याकडचा तो नेहमीचा खरबरीत अंगाचा, दिव्याखाली किडे खायला येऊन बसतो तो टोड घ्या. पहिला मोठा पाऊस झाला की मादी डबक्यात जेलीच्या लांबच लांब दोऱ्या सोडते, आत काळी बारीक अंडी ओळीने, हजारोंनी. नर पाठीवर बसलेला असतो आणि अंडी बाहेर पडतील तसे त्यावर शुक्राणू सोडतो, म्हणजे फलन शरीराबाहेर, पाण्यात. अंड्याचा वरचा अर्धा भाग काळा, खालचा फिका, कारण बलक जड असतो तो खाली बसतो. पहिल्या काही तासांतच साध्या भिंगातून दिसतं की वरून खाली एक चीर पडली, मग तिला काटकोनात दुसरी, आणि तिसरी चीर आडवी पण ती मधोमध नसते, थोडी वर असते, त्यामुळे वरच्या पेशी लहान आणि खालच्या बलकवाल्या पेशी मोठ्या. मग पेशींचा पोकळ गोळा, मग बाहेरच्या पेशी आत शिरून त्याचे थर होतात, पाठीवर एक पन्हळ उमटते आणि तिच्या दोन्ही कडा वर येऊन जुळल्या की मेंदू आणि मज्जारज्जूची नळी तयार. कोकणातल्या उबदार पाण्यात हे एवढं सगळं दोनेक दिवसांत होऊन शेपूटवालं पिल्लू बाहेर येतं. मुलीला हे दाखवायचं असेल तर टोडची अंडी सगळ्यात सोयीची, काळी असल्यामुळे पांढऱ्या वाटीत स्वच्छ दिसतात आणि दोऱ्यांमुळे ओळखायला चूक होत नाही.

काळी का, हा प्रश्न मुलं विचारत नाहीत आणि विचारायला पाहिजे. उघड्यावर उन्हात पडलेल्या अंड्याला रंगद्रव्य लागतं, ऊन अंगावर घ्यायला. जी अंडी फेसात, मातीत, पानाखाली लपवलेली असतात ती बहुतेक फिकी, पिवळट किंवा दुधी असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमच्या टाकीतला फेस. फोटोत जसा दिसतोय, भिंतीला थेट चिकटलेला, उघडा, बाहेरून थोडा सुकून पिवळट पडायला लागलेला, तो आपल्या नेहमीच्या झाडबेडकाचा, पॉलिपेडेटीस मॅक्युलेटसचा. हाच तुमच्या बाथरूममध्ये येतो, टाइल्सवर चिकटून बसतो, बोटांच्या टोकाला गोल चकत्या असतात, मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके. रात्री मादी नराला पाठीवर घेऊन भिंतीवर चढते, अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागचे दोन्ही पाय त्यात सारखे हलवत राहते, ताक घुसळावं तसं, आणि त्याचा फेस होतो, त्या फेसातच अंडी जातात आणि नर त्यातच फलन करतो. फेसाचं बाहेरचं कवच सुकतं, आतला भाग ओला राहतो, हवा असते, मासे आणि चतुराची अळी तिथपर्यंत पोचत नाहीत. साधारण चार-पाच दिवसांत आतला फेस पातळ होतो आणि पिल्लं वळवळत खाली पाण्यात टपाटप पडतात. जागा बरोबर पाण्याच्या वर निवडलेली असते.

म्हणून फेस काढायचा नाही, आणि दुसरं म्हणजे तेवढे दिवस टाकी पूर्ण उपसू नका. टाकी साफ करणं अगदीच अडलं असेल तर पिल्लं पडतील त्या जागेखाली विहिरीच्या किंवा पावसाच्या पाण्याचं घमेलं ठेवा, ब्लीचिंग पावडर टाकलेलं पाणी नको, टॅडपोलचे कल्ले नाजूक असतात. पिल्लं पडल्यावर नाकाच्या टोकावर पांढरा चमकदार ठिपका दिसला की समजायचं हाच बेडूक. पुढे दीड-दोन महिने ती टाकीतच राहतील, शेवाळ खातील. ह्या जातीच्या पिल्लांना पाय आल्यावर भिंत चढता येते, बोटाच्या चकत्या आहेत ना, पण त्याच टाकीत टोड किंवा डबक्यातला बेडूक अंडी घालून गेला असेल तर त्याची पिल्लं उभ्या गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाहीत आणि बुडून मरतात. हो, बेडूक बुडतो. पुढचे पाय बाहेर आले की कल्ले संपत आलेले असतात आणि फुफ्फुसाने श्वास सुरू झालेला असतो. एक खरखरीत फांदी टाकीत तिरकी टाकून ठेवा, एवढंच पुरतं. कोकणात किती उघड्या विहिरी आणि शेततळी आहेत बघा, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर साप, बेडूक सगळेच अडकतात, एक दोरखंड किंवा बांबू सोडून ठेवला तर कितीतरी जीव वाचतील आणि खर्च काहीच नाही, हे मी प्रत्येक गावात सांगतो.

याच फेसवाल्या कुळात आपल्या घाटातला तो हिरवागार मोठा उडता बेडूक पण येतो, मलबार ग्लायडिंग फ्रॉग, आंबोलीला पावसाळ्यात लोक त्यालाच बघायला येतात. बोटांमधले लालसर पडदे पसरून तो झाडावरून खाली तरंगत येतो. त्याचा फेस साधारणपणे पानात गुंडाळलेला असतो, फांदीवरची पानं फेसाभोवती चिकटवून टाकलेली, बाहेरून पटकन दिसत पण नाही. पाण्यावर वाकलेल्या फांदीला असं पानांचं पुडकं दिसलं तर ती फांदी छाटू नका.

आता कुंडीखालची बारीक बेडकं. हा खरा मजेचा भाग आहे आणि इथेच पुस्तक थांबतं.

हे झुडुपी बेडूक, बुश फ्रॉग म्हणतात ते. मोठा बेडूक पण दोन-अडीच सेंटिमीटरचा, रात्री कुंपणाच्या झुडपातून टिकटिक ऐकू येते आणि टॉर्च मारला तर काही सापडत नाही, तो हाच. मादी जमिनीवर, ओल्या पाचोळ्याखाली, मातीच्या खोबणीत मोजकी अंडी घालते, दहा-वीस, फार तर तीस-चाळीस. प्रत्येक अंडं जेलीसकट चार-पाच मिलिमीटर, म्हणजे बेडूक केवढा आणि अंडं केवढं बघा. रंग फिका, बलकाने भरलेलं. टोड हजारो अंडी घालतो आणि प्रत्येकात थोडासाच बलक देतो, पिल्लाने लवकर बाहेर पडून स्वतः खायचं. झुडुपी बेडूक मोजकी घालतो आणि प्रत्येकात एवढा शिधा भरतो की पिल्लाला बेडूक होईपर्यंत बाहेर खायला यायची गरजच पडत नाही.

असं अंडं टॉर्चच्या उजेडात भिंगाखाली बघायला मिळालं तर सोडू नका, अंड्याला हात न लावता, जिथे आहे तिथेच. दोनेक आठवड्यांचं अंडं असेल तर जेली काचेसारखी स्वच्छ असते आणि आत पिवळ्या बलकाच्या गोळ्यावर पालथं पडलेलं पिल्लू दिसतं, दोन काळे डोळे, चारही पायांचे कोंब आणि पातळ शेपूट अंगाभोवती वळवलेली, त्या शेपटीत रक्तवाहिन्यांचं जाळं. ती शेपूट पोहायला नाहीच, अंड्यात पोहणार कुठे, ती श्वास घ्यायला वापरली जाते. टॅडपोलला शेवाळ खरवडायला जी शिंगासारखी टणक चोच आणि दातांच्या ओळी असतात त्या इथे तयारच होत नाहीत. मधेमधे पिल्लू एकदम फिरतं, बाजू बदलतं. तीन-चार आठवड्यांनी जेली फोडून पाचेक मिलिमीटरचा पूर्ण बेडूक बाहेर येतो, कधीकधी शेपटीचा बारीक तुकडा अजून शिल्लक असतो. तुमच्या कुंडीखाली हेच झालंय. कुंडीचा बूड, खाली सतत ओल, वर सावली, मुंग्या कमी, याहून चांगली जागा त्याला बागेत मिळाली नसती.

आता हे बदल होतात कशाने? टॅडपोलचा बेडूक व्हायला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक लागतं. 1912 मध्ये गुडरनाच नावाच्या संशोधकाने टॅडपोलना घोड्याबिड्याच्या थायरॉइडचे तुकडे खायला घातले आणि ते वेळेच्या फार आधी, इवलेसे असतानाच बेडूक व्हायला लागले, तिथून हे कळलं. मागचे पाय आधी दिसतात, पुढचे नंतर, शेपूट शोषली जाते, शेवाळ पचवायचं लांबलचक आतडं आखूड होतं कारण पुढे किडे खायचे आहेत. या काळात पिल्लू काही खात नाही, शेपटीवर जगतं, म्हणून शाळेत टॅडपोल पाळणारे शिक्षक त्या दिवसांत खाणं टाकत राहतात आणि पाणी सडवतात, ते करू नये. तर थेट अंड्यातून बेडूक होणाऱ्या जातींमध्ये हेच संप्रेरक अंड्याच्या आत काम करतं, कॅरिबियन बेटांवरच्या कोकी बेडकात हे दाखवलं गेलंय.

आणि कोकीचं नाव आलंच आहे तर वर्गीकरणाबद्दल बोलतो, कारण प्रश्नात "मग हे सगळे एकाच प्रकारात मोडतात का" असं पण विचारलंय. कोकी पण टॅडपोल न होता बेडूक होतो आणि आपला झुडुपी बेडूक पण. म्हणून दोघं भाऊ का? अजिबात नाही. आपल्या झुडुपी बेडकाचं जवळचं नातं तुमच्या टाकीतल्या फेसवाल्याशी आहे, दोघं एकाच कुळातले, रॅकोफोरिडी. कोकी कुठल्या कुठे दूरचा. ही पद्धत बेडकांमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आलेली आहे. फेसाचं पण तसंच, दक्षिण अमेरिकेत फेस करणारे बेडूक आहेत त्यांचा आपल्यावाल्यांशी जवळचा संबंध नाही. म्हणून मी वर म्हटलं की अंड्यांवरून गटाचा अंदाज येतो, तो त्या प्रदेशापुरता. सह्याद्रीत पाचोळ्याखाली फिकी मोठी मोजकी अंडी म्हणजे झुडुपी बेडूक हे मी बिनधास्त म्हणेन, जगाच्या पाठीवर कुठेही म्हणणार नाही. नातं ठरवायला हाडं, आवाज, टॅडपोलचं तोंड आणि आता डीएनए हे सगळं एकत्र ठेवावं लागतं.

झुडुपी बेडकांचंच बघा. वर्षानुवर्षं सगळे फिलॉटस या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, कोंबलेले होते. डीएनए बघितल्यावर आपल्याकडचे बहुतेक वेगळे निघाले आणि 2010 मध्ये त्यांच्यासाठी राऑर्केस्टेस हा नवा जीनस केला, सी. आर. नारायण राव या जुन्या अभ्यासकाच्या सन्मानार्थ. काही स्यूडोफिलॉटसमध्ये गेले, आंबोलीचा झुडुपी बेडूक त्यातला. 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच राऑर्केस्टेस घाटेई ही नवीन जात वर्णन झाली, पुण्याच्या हेमंत घाटे सरांच्या नावाने. तुमच्या कुंडीखालची नक्की कुठली हे पिल्लांच्या फोटोवरून मी सांगणार नाही, कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मोठा नर आवाज करताना रेकॉर्ड करा, मोबाइलवर चालेल, त्यावरून पुढे जाता येतं.

टॅडपोल आणि बेडूक यांची जोडी लावणं किती अवघड असतं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण केरळचं. जोराच्या ओढ्यात खडकाला तोंडाने चिकटून राहणारा एक टॅडपोल 1918 मध्ये अ‍ॅनंडेल आणि याच नारायण रावांनी वर्णन केला. त्याचा मोठा बेडूक शास्त्राला 2003 पर्यंत माहीत नव्हता! त्या वर्षी बिजू आणि बोस्वी यांनी जांभळ्या रंगाचा, टोकदार नाकाचा, जवळपास सगळं वर्ष जमिनीखाली घालवणारा बेडूक वर्णन केला, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, त्याच्यासाठी वेगळं कुळच करावं लागलं. ते खडकाला चिकटणारे टॅडपोल याचेच. वर फक्त अंडी घालण्यापुरता येतो, पावसाच्या तोंडाला, मग मोठा सापडणार कसा.

आपल्या बाजूला पण कमी नाही. कोयनेच्या भागात हुंबरळी आहे, तिथे निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी या बेडकावर झालेला अभ्यास 2016 मध्ये छापून आला. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट धरतो, इथे तो धरतच नाही. ओढ्यावरच्या पानावर तो मादीच्या पाठीवर नुसता येतो, हात पानावर टेकवतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि उतरून जातो, मादी त्यानंतर अंडी घालते आणि शुक्राणू पाठीवरून ओघळून अंड्यांवर जातात. पिल्लं तयार झाली की खाली ओढ्यात पडतात. फेस नाही पण कल्पना तीच, अंडी पाण्याच्या वर. उत्तर कन्नडमधला त्याचाच एक भाऊबंद, निक्टिबॅट्रॅकस कुंबारा, अंड्यांवर हाताने चिखल लिंपतो. इंडिराना जीनसचे टॅडपोल तर ओल्या कातळावरच राहतात, पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो तेवढ्यावर, लांब शेपटी आणि मागचे पाय लवकर येतात, हात लावायला गेलात तर उड्या मारत पळतात. मुलं ते बघून पहिल्यांदा मासा समजतात. आणि आंबोलीच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, झँथोफ्राइन टायग्रिना, आंबोली टोड, पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ खळग्यांत अंडी घालतो, जगात फक्त त्याच परिसरात सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. नेमके त्याच रात्री लोक गाड्या घेऊन येतात. जूनमधल्या पहिल्या पावसाच्या रात्री घाटमाथ्यावरच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा, ही माझी हात जोडून विनंती आहे, चाकाखाली जातात ते अंडी घालायला निघालेले असतात.

आणखी एक, कारण कुडाळ भागात हमखास होतं. मातीत गांडुळासारखा पण जाड, निळसर काळा, वळ्या वळ्यांचा प्राणी सापडला की लोक साप म्हणून ठेचतात. ते देवगांडूळ, बेडकाचेच नातेवाईक, उभयचर वर्गातला बिनपायांचा गण. विषबाधेची काही भीती नाही. त्यातल्या इक्थिओफिस या जीनसची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून राखण करते. आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून वर्णन झालेला गेगेनिओफिस शेषाचारी अंडी घालतच नाही, थेट पिल्लांना जन्म देतो, 2008 मध्ये हे समोर आलं आणि आशियातला असा पहिला माहीत झालेला उभयचर हाच. ओल्या मातीत ढकलून द्या, बाकी काही करायचं नाही.

कुंड्यांचं काय करायचं? पावसाळा संपेपर्यंत त्या दोन-तीन कुंड्या जागच्या हलवू नका. पाचोळा पूर्ण झाडून काढू नका, जाळू तर अजिबात नका. झुडुपी बेडकाला डबकं लागत नाही पण ओल सलग महिनाभर लागते, एक दिवस कडक ऊन लागलं की अंडी सुकली, एवढी ही पद्धत ओलीवर अवलंबून आहे. म्हणूनच काजूसाठी खालची झाडी साफ करून जमीन उघडी केली की मोठे बेडूक काही दिवस ओरडताना ऐकू येतात आणि पिल्लं मात्र दिसत नाहीत. मुंग्यांची पावडर, तणनाशक त्या कोपऱ्यात नको, उभयचरांची कातडी सगळं शोषून घेते. उचलायचाच झाला तर हात ओला करून, सॅनिटायझर, ओडोमॉस लावलेल्या हाताने नाही.

मुलीच्या प्रोजेक्टला एक साधी वही पुरेल. रोज संध्याकाळी एकाच वेळेला टाकीतल्या फेसाचा फोटो, शेजारी पट्टी धरून, पाऊस पडला का नाही ते, फेस कधी गळायला लागला, पिल्लं कधी पडली, मागचे पाय कुठल्या दिवशी दिसले, पुढचे कुठल्या दिवशी. कुंडीखाली आठवड्यातून एकदाच बघायचं, तेही कुंडी पूर्ण न उचलता, एका बाजूने कलती करून. नवीन अंडी सापडली तर किती, केवढी, कुठल्या रंगाची आणि वर झाकण कशाचं होतं एवढं लिहा आणि तारीख टाका, जातीचं नाव आत्ता रिकामं ठेवलंत तरी चालेल. टाकीत तिरकी फांदी मात्र आजच टाका.